जोते तपासणी

जेई मॅडम दुपारी बारा वाजता आल्या,
नरसाळ्याच्या उन्हात, स्कूटीवरून,
डोळे तेवढे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात बांधलेला,
काखेत आमच्या नकाशाची गुंडाळी.
हे जोत्यावर पाणी मारत होते,
पायजमा गुडघ्यापर्यंत वर, पाइपाच्या तोंडावर अंगठा.
मॅडमनी विचारलं, मालक कुठायत?

आणि हे म्हणाले,
साहेब बाहेर गेले जी.

तीस वर्षांची सवय.
धरमपेठेत, मनीषनगरात, जिथं जिथं यांनी भिंत उचलली
तिथं कोणी टेप घेऊन आलं
की एवढं एक वाक्य बोलायचं
आणि थापी धुवायला टाक्याकडे निघून जायचं.
मी विटांच्या थप्पीमागून पुढं झाले.
म्हटलं, मॅडम, हेच मालक. रूपचंद निखारे.
तर हे माझ्याकडे असे बघायला लागले
जशी मी कोणाची चहाडी केली.

टेपचं एक टोक त्यांनी यांच्याच हाती दिलं.
उत्तरेला सोडायचं होतं एक मीटर.
सोडलेलं निघालं सत्याहत्तर सेंटिमीटर.
तेवीस कमी, मॅडम म्हणाल्या.
नऊ इंच, हे म्हणाले.
मी मनात म्हटलं, एक वीट. आडवी.

ठवकर भाऊजींनी सांगून ठेवलं होतं,
पाच हजार, पांढरा लिफाफा, वर काही लिहायचं नाही.
टिनाच्या खोलीत तुरीच्या डब्यात तो होता.
मी दोनदा आत गेले, दोनदा हात डाळीत घातला.
तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले.
मॅडमनी पाणी पिऊन वहीत काही लिहिलं.
त्यांना दुसरं काही हवं होतं का,
ते मला आजही माहीत नाही.

रात्री खाटेवर हे आभाळाकडे बघत बोलले,
चूक नव्हती वो.
माझी दोरी सुतानं हुकली कधी?
तीस वर्सं पाह्यलं, समदेच मालक घेतात थोडं.
म्हनलं, आपन बी मालक हाओ.

मी काय बोलणार.
दूर रिंगरोडला ट्रक गिअर बदलत होते.

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा केला.
छिन्नी, हातोडी, डोक्याला ओला टॉवेल.
दुसऱ्याची भिंत पाडतात तशी नाही पाडली,
एकेक वीट सांध्यातून सोडवली,
माल खरवडला, बादलीत बुचकळली,
मी उचलून रचत गेले.
कोराडीच्या राखेच्या विटा, हाताला राखाडी रंग लागतो.
दोनशे अकरा निघाल्या. फुटल्या फक्त सात.
संध्याकाळी पुन्हा दोरी बांधली,
या वेळी खाली वाकून एक डोळा मिटून पाहिलं,
आणि मला म्हणाले, तू बी पाय.
मी पाहिलं. सरळ होती.

मॅडम परत आल्या त्याला एकोणीस दिवस लागले.
मधे दोनदा मनपात चकरा, एकदा जेवणाची सुट्टी,
एकदा खिडकीवरचा माणूसच बदललेला.
कागदावर खाली लिहिलं होतं, मालकाची सही.
यांनी पेन थापीसारखं धरलं,
आधी कोरड्या हवेत एकदा फिरवलं,
मग 'रू' काढला, एवढा मोठा
की 'निखारे' चौकटीच्या बाहेर गेलं.
म्हटलं, आता हे पण तोडायला लावतात की काय.
मॅडम हसल्या. राहू द्या, म्हणाल्या.

लिफाफ्यातल्या पैशाची खिडकीची जाळी आली.
भोगवटा प्रमाणपत्र अजून यायचंय.
त्या एका मीटरच्या बोळात मी कूलर ठेवला आहे,
रात्री तो ठवकरांच्याही भिंतीला गार करतो, फुकट.

काल मीटर वाचणारा पोरगा दारात आला.
मालक आहेत का?
हे उंबऱ्यातच उभे होते,
हात बनियनला पुसत.
एकदा मागं वळून पाहिलं.

मी ऐकलं होतं. पण आतून बोलले नाही.
पोळी तव्यावर जळू दिली,
आणि थांबले.